बाबांच्या साहाय्यार्थ

माझ्या वडिलांना क्षय झाला आहे, हे अकोल्याला एका गुलाबी हँडबिलावरून कळलं. त्याआधी चार महिने आम्ही घरातल्या चौघांनी आणि अमरावतीच्या मामांनी ही गोष्ट दाबून ठेवली होती. कोणी विचारलं तर दम्याचा त्रास आहे असं सांगायचं. आईनं हे आम्हा दोघी बहिणींकडून घोकून घेतलं होतं.

बाबा एका हायस्कुलात गाणं शिकवत आणि उरलेल्या वेळात वकिलांच्या, व्यापाऱ्यांच्या घरी जाऊन शिकवण्या करत. पेटी तर ते अशी वाजवत की बाहेरगावचे गवई आपला पेटीवाला सोबत आणत नसत. गावात कुठलाही मदतीचा जलसा असला की साथीला बाबाच असायचे. पूरग्रस्तांसाठी, गोरक्षणासाठी, मुलींच्या वसतिगृहासाठी. अशा कार्यक्रमांचे पैसे ते घेत नसत. नारळ, उपरणं आणि चहा एवढ्यावर घरी येत. गाताना आणि शिकवताना त्यांची भाषा अगदी पुस्तकी असे. घरात मात्र ते आमच्यासारखेच, ‘मले’, ‘तुले’ करणारे.

त्या वर्षीच्या पावसाळ्यात त्यांना संध्याकाळी ताप यायला लागला. खोकला होताच. दसऱ्याच्या सुमारास सदरे अंगावर लोंबायला लागले. अकोल्यात छातीचा फोटो काढला तर दवाखान्यातूनच बातमी फुटेल, म्हणून मामांनी त्यांना अमरावतीला नेलं. मामा तिथे वकील होते, अंबागेटजवळ राहायचे. फोटो पाहून डॉक्टर म्हणाले, दोन्ही बाजूंना डाग आहेत, इंजेक्शनं सुरू करा आणि शक्य तितक्या लवकर सॅनेटोरियममध्ये न्या. वर्ष लागेल, दीड वर्षही लागेल.

बाबांनी शाळेतून वर्षाची बिनपगारी रजा घेतली. त्यांचं ताट, वाटी, पेला वेगळा झाला. आई ती भांडी मागच्या अंगणात उकळत्या पाण्यातून काढायची, आणि शेजारीण डोकावली तर म्हणायची, “लोणच्याची बरणी धुऊन राहिली.” मी तेव्हा वीस वर्षांची होते. मॅट्रिक होऊन नगरपालिकेच्या मुलींच्या शाळेत नुकती लागले होते. धाकटी बहीण सतरा वर्षांची होती. मामांनी तिच्यासाठी अमरावतीचं एक स्थळ जवळजवळ पक्कं करत आणलं होतं. आईची सगळी धडपड ते लग्न होईपर्यंत बाबांचा आजार लपवायची होती.

सॅनेटोरियममध्ये खाट मिळत नव्हती. पैसे भरून मिळण्यासारखी होती, पण ते आमच्या आवाक्यातलं नव्हतं. काही खाटा दानशूर लोकांनी आपल्या आईवडिलांच्या नावे ठेवलेल्या असत. तिथे रोग्याला फुकट ठेवत, पण त्यासाठी मोठ्या माणसाची चिठ्ठी लागे. असं मोठं माणूस आमच्या ओळखीत एकच होतं. सरकी काढायची जिन आणि कापसाच्या गाठी बांधायची प्रेस असलेले एक शेठजी. त्यांच्या दोन्ही मुलींना बाबा पाच-सहा वर्षं गाणं शिकवत होते.

एका रविवारी मी त्यांच्याकडे गेले. आईला सांगितलं, बाबांची रजा कळवायला जाते. हंगामाचे दिवस होते. जिनच्या फाटकाबाहेर कापसाच्या गाड्यांची रांग लागली होती आणि सरकीचा वास थेट बंगल्यापर्यंत येत होता. शेठजी ओसरीवर बसले होते. चार पिढ्यांपासून वऱ्हाडात राहणारं ते घर, त्यांची भाषा आमच्यापेक्षाही वऱ्हाडी.

“दम्यासाठी कोणी वर्षाची रजा घेते का, पोरी?” त्यांनी विचारलं. “खरं काय ते सांग.”

मी सांगितलं. इतके दिवस घोकलेलं सगळं एका क्षणात गळून पडलं. सांगून झाल्यावर मला हलकं वाटलं, हेही खरं आहे. मग मी चिठ्ठीचं विचारलं.

“चिठ्ठी आत्ता लिहून देतो,” ते म्हणाले. “पण चिठ्ठीनं खाट मिळेल. औषधं, फळं, दूध, तुमचं घरचं? माझ्याकडून घेशील तर मास्तर घेऊ देतील का? नाही देणार. मी ओळखतो त्यांले.” मग म्हणाले, “एकट्या माणसानं दिलं तर ती भीक होते. साऱ्या गावानं दिलं तर तो मान होतो. इतके वर्ष मास्तरनं लोकांसाठी पेटी वाजवली. आता एक जलसा मास्तरसाठी करू.”

मला हे फार सुंदर वाटलं. त्या वयात असं बोलणं ऐकलं की माणूस भारावतो. त्यांनी पुढे विचारलं, “मास्तरले चालेल ना? त्यांले विचारल्याशिवाय मी काही करणार नाही.”

मी म्हणाले, “आमचं बोलणं झालं आहे. बाबांना चालेल.”

हे वाक्य मी का उच्चारलं याची कारणं मी आयुष्यभर शोधली. विचारलं तर बाबा नाही म्हणतील हे मला माहीत होतं, हे एक. दुसरं कारण असं की त्या ओसरीवर मला पहिल्यांदाच कोणी तरी घरातलं मोठं माणूस समजून बोलत होतं. मला वाटलं, आधी कार्यक्रम ठरू दे, मग सवडीनं बाबांना सांगू. रोज संध्याकाळी मी ते उद्यावर ढकललं.

शेठजी कामाला वाघ. आठ दिवसांत कमिटी झाली. एक तेलगिरणीवाले, एक अडते, एका सिनेमा थिएटरचे मालक, आणि चिटणीस म्हणून बाबांच्याच शाळेचे हेडमास्तर. थिएटर रविवारी सकाळी फुकट मिळालं. नागपूरच्या एक नावाजलेल्या गायिका बिदागी न घेता यायला कबूल झाल्या. हे सगळं मला शाळेत इकडून तिकडून कळत होतं. घरी कोणाला काही कळत नव्हतं, कारण आई कोणाला उंबरठ्याच्या आत येऊ देत नव्हती.

मग एके दिवशी दुपारी चारच्या सुमारास गल्लीत टांगा आला. त्याला भोंगा बांधलेला होता. अशा टांग्यातून सिनेमाची जाहिरात होई, म्हणून आम्ही लक्ष दिलं नाही. मी नुकतीच शाळेतून आले होते आणि आई कंदील पुसत होती. भोंग्यातून आधी गायिकेचं नाव आलं, मग थिएटरचं, आणि मग बाबांचं. त्यांचं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. त्याच्या पुढे त्यांच्या रोगाचं नाव. टांगा सावकाश जात होता, म्हणून ते आम्हाला तीनदा ऐकू आलं.

आईनं उठून खिडक्या लावल्या. बाबा आतल्या खोलीत पडून होते. ते म्हणाले, “कागद टाकला असेल त्यानं. आण.”

मी अंगणातून हँडबिल उचलून आणलं.

“वाच.”

मी वाचलं. ‘क्षयरोगाने पछाडलेल्या व निराधार झालेल्या कलावंताच्या साहाय्यार्थ.’ पुढे तिकिटांचे वर्ग होते आणि खाली कमिटीतल्या दात्यांची नावं.

“‘पछाडलेल्या’ कोणी लिहिलं?” बाबांनी विचारलं.

“हेडमास्तरांनी असेल.”

“भूत पछाडते. रोग होते,” ते म्हणाले. मग त्यांनी विचारलं, “तुले माहीत होतं?”

मी मान हलवली. ती मान होकाराची होती की नकाराची, हे मलाही सांगता आलं नसतं. त्यांनी पुन्हा विचारलं नाही. आई मात्र दाराशी उभी राहून माझ्याकडे पाहत राहिली. तिला कळलं होतं. “काहून केलं तू असं?” एवढंच ती म्हणाली, आणि त्यानंतर कितीतरी दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलली.

जलशाला अजून दोन आठवडे होते, आणि त्या दोन आठवड्यांतच जे व्हायचं ते होऊन गेलं. शिकवणीच्या घरांतल्या काही मुली बाबा बरे होईपर्यंत आमच्या ओसरीवर येऊन बहिणीकडून पेटी गिरवत होत्या. त्या यायच्या बंद झाल्या. घरमालकांनी निरोप पाठवला की त्यांच्या मुलाचं कुटुंब यायचं आहे, उन्हाळ्याच्या आत जागा पाहावी. माझ्या शाळेत मोठ्या बाईंनी मला बोलावलं, दार लोटून घेतलं आणि म्हणाल्या, “माझं काही म्हणणं नाही, पण पालक विचारतात. तुम्ही छातीचा फोटो काढून आणा.” मी काढला, स्वच्छ आला, तरी पहिल्या बाकावरच्या तीन मुली मागे जाऊन बसल्या. अमरावतीच्या स्थळाकडून बहिणीची पत्रिका परत आली. सोबत पत्र नव्हतं. आईनं ती घडी उघडलीही नाही, तशीच देवामागे ठेवून दिली. बहीण माझ्याइतकीच उंच होती, माझ्याहून देखणी होती, आणि त्या दिवसापासून तिनं आरशासमोर वेणी घालणं सोडलं.

एक शिष्य मात्र यायचा थांबला नाही. रेल्वेच्या मालधक्क्यावर कारकून असलेला तरुण होता. छप्पन साली त्याच्या घरानं बौद्ध धम्म घेतला होता, आणि वस्तीतल्या सभांमध्ये म्हणायची गाणी त्याला पेटीवर बसवायची होती. बाबा त्याला दर गुरुवारी शिकवत; ते खाटेला लागल्यावर तो एकटाच पेटी गिरवून जाई. शिकवणी व्हायची ती ओसरीवर. त्याच्या चहाचा कप वेगळा होता, दांडी तुटलेला, खिडकीच्या फळीवर ठेवलेला. हे मी लिहिते आहे कारण ते तसं होतं. आम्ही स्वतःला सुधारक समजत होतो, कारण त्याला शिकवत होतो.

हँडबिलानंतरच्या गुरुवारी तो नेहमीच्या वेळेला आला. मी त्याला दारातच सांगितलं, “बाबांना बरं नाही. तुम्हाला कळलंच असेल.”

“कळलं ना,” तो म्हणाला. “म्हनून तर आलो. मास्तरले भेटू देता का?”

आई पुढे आली. क्षणभर ती त्याच्याकडे पाहत राहिली. मग बाजूला होऊन म्हणाली, “या, आत या.” तो पहिल्यांदाच आमच्या घरात आला. बाबांच्या खाटेजवळच्या स्टुलावर बसला. आईनं चहा आणला तो घरातल्या कपबशीत. त्यानं कपाकडे पाहिलं, मग आईकडे, आणि चहा प्यायला. त्याच्या मनात काय आलं असेल कुणास ठाऊक. ज्या घरात आता दुसरं कोणी पाणीही प्यायला तयार नव्हतं, त्या घरानं त्याला चांगला कप दिला होता, हे त्याला कळलं असणार. मला तरी त्या वेळी कळलं, आणि मी तिथून उठून मागच्या अंगणात गेले.

जलशाच्या आदल्या दिवशी शेठजी स्वतः आमच्याकडे आले. गल्लीतले लोक दारात उभे राहून पाहत होते. ते बाबांच्या खाटेवरच बसले. नाकाला रुमाल नाही, काही नाही. बाबांचा हात हातात घेऊन म्हणाले, “मास्तर, पाच मिनिटं या. लोकांले बरं वाटेल.”

डॉक्टरांनी बाहेर पडायला मनाई केली होती. आई दारातून खुणा करत होती. बाबा म्हणाले, “येतो.” शेठजी गेल्यावर आईनं विचारलं तेव्हा ते एवढंच बोलले, “इतक्या जलशांत मी वाजवलं. ज्याच्यासाठी असते तो समोर बसलेला असे. मी कधी त्याच्याकडे पाहिलं नाही. आता तिथून कसं दिसते ते पाहू.”

रविवारी सकाळी मी त्यांना टांग्यातून नेलं. थिएटर गच्च भरलं होतं, लोक भिंतीला टेकून उभे होते. बाबांसाठी पहिल्या रांगेच्याही पुढे, डाव्या बाजूला एक वेगळी खुर्ची ठेवली होती. वर तक्क्या, पायाशी पाट, सगळं मानाचं. पण त्यांच्या मागच्या दोन रांगांत त्या बाजूला कोणीच बसलं नव्हतं. इतक्या गर्दीत त्या तेवढ्या खुर्च्या रिकाम्या होत्या. मी त्यांच्यातल्याच एकीवर बसले.

आधी भाषणं झाली. तेलगिरणीवाले बोलले, अडते बोलले. कोणी किती दिलं ते मंचावरून सांगितलं जाई आणि टाळ्या पडत. हेडमास्तरांनी बाबांच्या सेवेचं वर्णन केलं, पण सगळं भूतकाळात. ‘ते उत्तम शिकवीत असत.’ ‘ते मनमिळाऊ होते.’ मग माझं नाव पुकारलं. कुटुंबाच्या वतीनं आभार मानायचे होते, आणि तो मजकूर हेडमास्तरांनीच मला लिहून दिला होता. मी वाचून दाखवला. त्यात एक वाक्य होतं, ‘आमच्या कुटुंबाला कोणाचाही आधार उरला नव्हता.’ मी नोकरी करत होते, दर महिन्याचा पगार आईच्या हातात देत होते. तरी मी ते वाक्य वाचलं, आणि वाचताना माझा आवाज भरून आला. लोकांना वाटलं, दुःखानं. खरं म्हणजे मला तेव्हा स्वतःचा संताप आला होता. सर्वांत जास्त टाळ्या मला मिळाल्या.

गाणं सुरू झालं. गायिकेनं षड्ज लावला आणि दोन-चार मिनिटांतच मी पाहिलं, बाबा अस्वस्थ झाले आहेत. तबला किंचित उतरला होता. मला ते कळलं नाही, पण बाबांनी हात उचलला आणि तबलजीला बोटानं वर अशी खूण केली. तबलजी त्यांचा जुना जोडीदार. त्यानं लगेच हातोडी घेतली, गायिका थांबल्या, आणि बाबा डोळे मिटून ऐकत राहिले. नंतर त्यांनी हाताचा तळवा खाली केला. पुरे. गायिकेनं तिथूनच त्यांना नमस्कार केला. त्या सबंध सकाळी बाबा आजारी दिसले नाहीत असा तेवढाच वेळ. मग त्यांना खोकल्याची उबळ आली, आणि रिकाम्या रांगांच्या मागच्या लोकांनी पदर, रुमाल तोंडाला लावले.

शेवटी शेठजींनी हार घातला आणि बाबांना मिठी मारली. थिएटरात एकदम शांतता झाली. शेठजींच्या बायकोनं डोळे मिटून घेतलेले मी पाहिले. त्या माणसाच्या धैर्याबद्दल मला तेव्हाही शंका नव्हती, आजही नाही. आमचं जे झालं त्याचा दोष त्यांच्यावर टाकणं मला कधीच जमलं नाही. टाकता आला असता तर बरं झालं असतं, असंही कधी कधी वाटलं.

पुढच्याच आठवड्यात बाबा सॅनेटोरियममध्ये गेले. खाट मिळाली, औषधं वेळेवर मिळाली, आणि ते वाचले. हे जलशामुळेच झालं. दीड वर्षानं ते परत आले तेव्हा अंगानं भरले होते, थुंकी स्वच्छ होती, दाखला होता. आम्ही तोवर मोर्णा नदीच्या पलीकडे दोन खोल्यांत राहायला गेलो होतो. शाळेत त्यांच्या जागी दुसरा माणूस लागला होता. हेडमास्तर म्हणाले, “मुलांचा प्रश्न आहे, तुम्ही समजून घ्याल.” जुन्या शिकवण्यांतलं एकही घर परत आलं नाही. दाखला खिशात घेऊन बाबा दोन-तीन दारांशी जाऊन आले. मग त्यांनी जाणं बंद केलं. मालधक्क्यावरच्या त्या शिष्यानं त्याच्या वस्तीत पंधरा-वीस जणांचा वर्ग जमवला आणि बाबांना शिकवायला बोलावलं. आठवड्यातून तीन दिवस बाबा तिकडे जायला लागले.

त्याच सुमारास मामा अमरावतीहून आले. तिथल्या काही व्यापाऱ्यांनी अकोल्याच्या जलशाचं ऐकलं होतं. आमच्या शेठजींची तिथे सोयरीक होती. आता अमरावतीला मोठा कार्यक्रम करायचा, रोगमुक्त झालेल्या मास्तरांना मंचावर बसवायचं, त्यांनी दोन गाणी वाजवायची, आणि जमलेल्या पैशात त्यांना कायमचं काही तरी करून द्यायचं, असा बेत होता. मामांना वाटत होतं, यानं माझ्या बहिणीचं लग्नही मार्गी लागेल. लोक पाहतील, बाबा बरे झाले आहेत.

“नाही,” बाबा म्हणाले.

मामांनी पुष्कळ समजावलं. बाबा चिडले नाहीत, पण बदललेही नाहीत. आठ दिवसांनी शेठजी स्वतः आले. आमच्या त्या लहान खोलीत त्यांना बसायला एकच खुर्ची होती. ते खाली सतरंजीवर बसले.

“मास्तर, माझं काही चुकलं का?”

“तुमचं काही चुकलं नाही, शेठजी. तुमी मले जगवलं.”

“मग नाही काहून म्हणता?”

“आजारी होतो तेव्हा लोकांनी मले पाहिलं,” ते म्हणाले. “आता बरा झालो तर पुन्हा पाहायले येतील. मले आता कोणी पाहू नये. ऐकायचं असेल तर ऐकावं.”

शेठजींच्या चेहऱ्यावर दुखावल्याचं स्पष्ट दिसत होतं. ते म्हणाले, “मी तर पहिल्या वेळी पोरीजवळ विचारून घेतलं होतं. तिनं सांगतलं, तुमाले चालेल. नाहीतर मी कधी केलं नसतं.”

मी कोपऱ्यात वह्या तपासत बसले होते. आई चुलीपाशी होती, तिचे हात थांबले. बाबांनी माझ्याकडे पाहिलं नाही. शेठजींकडेच पाहत ते शांतपणे म्हणाले, “हो. मी चालेल म्हटलं होतं.”

शेठजी गेल्यावर मला वाटलं, आता ते काही बोलतील. त्यांनी पेटी पुढे ओढली आणि भात्यात धूळ गेली आहे का ते पाहू लागले. त्यानंतर ते नऊ वर्षं जगले. त्या नऊ वर्षांत हा विषय एकदाही निघाला नाही. मी क्षमा मागायला हवी होती. पण त्यांनी माझ्यासाठी जे खोटं सांगितलं, ते उकरून काढल्याशिवाय क्षमा मागता येत नव्हती.

बहिणीचं लग्न चार वर्षांनी मोर्शीच्या एका शिक्षकाशी झालं. माणूस चांगला होता. त्यांचे वडीलही क्षयानंच गेले होते, म्हणून त्या घराला आमची भीती वाटली नाही. मी लग्न केलं नाही. बी.ए. आणि मग शिक्षकीची बी.टी. पदवी घेऊन अमरावतीच्या एका मुलींच्या शाळेत गेले आणि तिथेच मुख्याध्यापिका झाले.

त्या शाळेत झाडलोट करणारी एक विधवा बाई होती. तिच्या मुलीच्या हृदयाच्या झडपेत दोष निघाला. मुंबईला ऑपरेशन करावं लागणार होतं. शाळेच्या कमिटीवरचे व्यापारी कनवाळू होते, त्यांनी लगेच मदतीचा कार्यक्रम ठरवला. मी म्हणाले, आधी तिला विचारते. मी तिच्या घरी गेले, समोर बसून विचारलं, “तुमचं आणि मुलीचं नाव छापलं तर चालेल का?”

ती खाली मान घालून म्हणाली, “नाव नसलेलं बरं, बाई. पोरीचं लग्न करा लागते.”

मी कमिटीशी भांडले. नाव छापायचं नाही, फोटो नाही, मुलीला मंचावर आणायचं नाही. एक व्यापारी म्हणाले, “बाई, लोक कोणासाठी देतात ते त्यांना कळायला नको का?” मी हटले नाही. हँडबिलावर ‘एका गरजू मुलीच्या उपचारासाठी’ एवढंच छापलं. तिकिटं खपली नाहीत. अर्धा हॉल रिकामा राहिला आणि जे जमलं त्यात मुंबईचं ऑपरेशन होण्यासारखं नव्हतं.

मी तिला जाऊन सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं, “नाव लावलं असतं तं जास्त जमले असते का?”

“हो,” मी म्हणाले. “बहुतेक जमले असते.”

“मंग मले विचारलं तवाच हे काहून नाही सांगतलं, बाई? मले काय ठाऊक, नावाशिवाय लोक देत नाहीत म्हनून?”

मी तिला विचारलं होतं खरं, पण तिनं नाही म्हणावं अशा बेतानं विचारलं होतं.

पुढच्या हिवाळ्यात आम्ही दुसरा कार्यक्रम केला. मुलीच्या नावानं, तिच्या फोटोसकट. हॉल भरला. मुलगी पहिल्या रांगेत बसली होती आणि तिच्याजवळच्या खुर्चीवर मी बसले होते. ऑपरेशन झालं. मुलगी वाचली, पण जिना चढताना तिला दम लागायचा तो कायमचा राहिला. मुंबईचे डॉक्टर मला म्हणाले होते, वर्षभर आधी आणायला हवी होती. मी तिच्या आईला ते सांगितलेलं नाही.